फार स्वच्छ सॅम्पल

तिसऱ्यांदाही जीची पट्टी आली नाही.

समोर निळ्या दिव्यावर जेल ठेवलं होतं. जेल म्हणजे चायना ग्रासच्या वडीसारखा पारदर्शक तुकडा. त्यातून विजेच्या जोरावर डीएनए पळवला की आकाराप्रमाणे त्याच्या पट्ट्या पडतात. त्या दिवशी बारा सॅम्पल लावली होती. अकरांना दोन-दोन पट्ट्या आल्या, एक एमची, एक जीची. वेल्हे-४७ ला फक्त एमची. जीच्या जागी काहीच नाही.

मी तेव्हा पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत सीनियर टेक्निकल ऑफिसर होते. आता रिटायर झाले. आमच्या कामात पट्टी आली नाही की पहिला संशय स्वतःवर घ्यायचा असतो. मी तो घेतला. पहिल्यांदा नेहमीच्या बाटलीतलं केमिकल होतं. मग नवी बाटली फोडली. तिसऱ्यांदा फ्रीजरमधून त्याच रक्ताची दुसरी ट्यूब काढली आणि पहिल्या पायरीपासून सगळं केलं. फरक पडला नाही.

आमचं प्रोजेक्ट अँटिबॉडीच्या जीन्सवर होतं. अँटिबॉडी म्हणजे प्रतिपिंड. जंतूला पकडणारं, इंग्रजी वायच्या आकाराचं प्रोटीन. वरचे दोन हात जंतूला धरतात, खालचा दांडा शरीराला निरोप देतो की पकडलाय, या. जंतू लाखो प्रकारचे, आणि प्रत्येकासाठी वेगळा जीन ठेवायला पेशीत जागा नसते. म्हणून पेशी जुळणी करते. तिच्याकडे व्ही, डी आणि जे अशा तुकड्यांचे तीन साठे असतात. प्रत्येकातून एकेक तुकडा उचलायचा, जोडायचा, सांध्यात डीएनएची दोनचार अक्षरं आपल्या मनानं घालायची. एवढ्यावर कोट्यवधी वेगवेगळे हात तयार होतात.

जंतू शरीरात आला की पुढचं काम सुरू होतं. चावीवाला कसा कानशीनं चावी घासतो, कुलपात घालून बघतो, परत घासतो, तसं पेशी त्या जुळवलेल्या जीनमध्ये एकेक अक्षर बदलत जाते आणि जी अँटिबॉडी जास्त घट्ट बसते ती ठेवते. त्याच सुमाराला ती दांडाही बदलते. सुरुवातीचा दांडा एम वर्गाचा. तो लवकर तयार होतो, पण कामापुरता. नंतरचा जी वर्गाचा. तो टिकाऊ. मोठ्या माणसाच्या रक्तात जी भरपूर असायलाच हवा.

आम्हाला हवी होती ती व्ही तुकड्यांची मूळ रूपं, घासण्याच्या आधीची. ती माणसागणिक थोडी वेगळी असतात, आणि जगात वापरल्या जाणाऱ्या यादीत आपल्याकडच्या डोंगराळ गावांतल्या माणसांची नोंद फार थोडी होती. म्हणून भोर आणि वेल्हे भागात आम्ही कॅम्प घेतले. आंबवड्याला देवळाच्या सभामंडपात, कामथडीला ग्रामपंचायतीत, वेल्ह्याकडे एका शाळेत. निरोगी मोठी माणसं हवी होती. फॉर्म मी भरत होते, रक्तही मीच घेत होते. मग ट्यूबवर फक्त नंबर; फॉर्मवर नंबर, बाई की पुरुष, आणि आजारांची उत्तरं. नावं बंद पाकिटात, एथिक्स कमिटीच्या कपाटात.

जी आला नाही तरी ४७ चा एम वर्ग अक्षरं वाचणाऱ्या मशीनवर घातला. दोन दिवसांनी फराह माझ्या टेबलापाशी आली. फराह आमच्याकडे कॉम्प्युटरवर सीक्वेन्स, म्हणजे मशीननं वाचलेल्या अक्षरांच्या ओळी, लावून बघायची. मुलगी हुशार आणि बोलायला कमी.

"मॅडम, ४७ नंबर नवजात बाळाचं आहे का?"

"नाही. मोठ्या बाईचं आहे. का?"

"यात एकही बदल नाही. सगळे व्ही तुकडे जसेच्या तसे. कुठं घासलेलंच नाही."

मी तिच्या स्क्रीनवर बघितलं. इतर माणसांच्या ओळींत मूळ अक्षरापेक्षा वेगळं अक्षर लाल दिसायचं, आणि एम वर्गातसुद्धा लाल ठिपके थोडेफार असतातच. ४७ च्या ओळी वरपासून खालपर्यंत काळ्या होत्या.

दातार सर आमचे प्रमुख. आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यांनी स्क्रीन बघितला आणि म्हणाले, "कॉन्टॅमिनेशन. त्याच फ्रीजरमध्ये दुसऱ्या प्रोजेक्टचं नाळेतलं रक्त आहे. बाळाच्या पेशी अशाच कोऱ्या असतात. ट्यूब बदलली गेली असेल."

"माझ्याकडून?"

"कोणाकडूनही."

त्या 'कोणाकडूनही'चा अर्थ मला कळत होता. फ्रीजरची किल्ली आम्हा दोघी टेक्निशियनकडेच असायची, आणि दुसरी बाळंतपणाच्या रजेवर होती.

मी आणि फराहनं दोन गोष्टी तपासल्या. पहिली, व्ही तुकड्यांची मूळ रूपं. माणसागणिक त्यांचा संच वेगळा असतो, म्हणून त्यावरून रक्त कोणाचं आहे हे ओळखता येतं. नाळेच्या एकाही सॅम्पलशी ४७ चा संच जुळला नाही. दुसरी, तुकड्यांमधले सांधे. बाळांमध्ये सांध्यात कमी अक्षरं घातलेली असतात, सांधे आखूड येतात. ४७ चे सांधे चांगले लांब होते. म्हणजे रक्त मोठ्या माणसाचंच होतं. ट्यूब बदललेली नव्हती.

मला हायसं वाटलं, हे कबूल करते. आधी माझी सुटका झाली. त्या बाईचा विचार नंतर आला.

सर तर खूश झाले. "मग हे आपलं सगळ्यात स्वच्छ सॅम्पल आहे. आपल्याला मूळ रूपंच हवीत आणि इथं ती आयती मिळतायत. एम ठेवा. जीच्या रकान्यात 'नॉट डन' लिहा."

"डन केलंय, सर. तीनदा."

"मग 'फेल्ड' लिहा."

मी जागेवर येऊन बसले, पण हात काही लिहीना. एक मोठी बाई डोंगरात राहते, गुराढोरांत वावरते, ओढ्याचं पाणी पिते. आणि तिच्या अँटिबॉडीवर आजवर एकाही जंतूशी गाठ पडल्याची खूण नाही. जंतू तर तिला भेटलेच असणार. मग शरीरानं पुढचं काम केलेलंच नव्हतं. घासणंही नाही, दांडा बदलणंही नाही.

ही दोन्ही कामं एकच एन्झाइम करतं. त्याला एआयडी म्हणतात. आमच्या जुन्या ट्रेनिंगच्या फाइलमध्ये त्यावर एक पान होतं. ते एन्झाइम नसेल तर एम वाढत राहतो आणि जी तयार होत नाही. अशा आजाराला हायपर आयजीएम म्हणतात. अशी माणसं सारखी आजारी पडतात. छाती, कान, सायनस. अंगावर गाठी येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत सरांकडे गेले.

"सर, ही बाई आजारी असणार. हायपर आयजीएम वाटतो."

"तो मुलग्यांचा आजार. इथं एफ लिहिलंय."

"जास्त करून मुलग्यांचा. पण एक विरळ प्रकार मुलींनाही होतो. आई आणि बाप दोघांकडूनही जीनची बिघडलेली प्रत आली तर." मी पान पुढं सरकवलं.

त्यांनी ते वाचलं. "फॉर्मवर निरोगी आहे."

"फॉर्म मीच भरलाय. त्यांनी सांगितलं तेच मी लिहिलं."

"शिंदे मॅडम, आपण संशोधन करतो, निदान नाही. उद्या तुमचं चुकलं आणि एका घराला उगाच घाबरवलं तर?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्या लॅबच्या रिपोर्टवर कुठलाही डॉक्टर औषध देणार नाही, देऊही नये.

"आणि बरोबर असलं तर, सर?"

त्यांनी ते पान स्वतःकडे ठेवून घेतलं. जेवणानंतर त्यांनी मला बोलावलं. एथिक्स कमिटीला त्यांनी पत्र लिहिलेलं होतं, मी लिहिलं असतं त्यापेक्षा कितीतरी चांगलं. "तपासाची एकही पायरी सुटली नाही ना, बघा," एवढंच म्हणाले.

कमिटीला तीन आठवडे लागले. आमच्या फॉर्मवर शेवटी एक प्रश्न होता: तुमच्या तब्येतीच्या दृष्टीनं महत्त्वाचं काही आढळलं तर कळवावं का? ४७ नं 'हो'वर खूण केली असेल तरच पाकिटातलं नाव आम्हाला मिळणार होतं. खूण 'हो'वर होती. सोनाली मरगळे, वय वीस. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला धनगरांची पाच-सहा घरांची वस्ती.

मी त्या भागातल्या आशा सेविकेला फोन लावला. छायाताई. कॅम्पला माणसं त्यांनीच गोळा केली होती.

"सोनाली व्हय?" त्या म्हणाल्या. "आवं, परवाच खाली आलती. गळ्यातल्या गाठी परत आल्यात. टीबीचं तिसऱ्यांदा चालू करायचं म्हनत्यात. सोमवारी औषद देनार हायत."

"तिसऱ्यांदा?"

"दोनदा झालंय की. ल्हान हुती तवा एकदा, दोन वर्सांमागं एकदा."

फॉर्मवर मी स्वतः विचारलं होतं, टीबी झाला होता का. आणि 'नाही' लिहिलं होतं.

शनिवारी मी आणि छायाताई वस्तीवर गेलो. गाडी जिथवर जाते तिथवर गाडीनं, पुढं पाऊण तास चढ. भातकापणी होऊन गेली होती. खाली खाचरांत पेंढ्या रचलेल्या दिसत होत्या. वर शेळ्या चरत होत्या. सोनाली दारात बसली होती. पोर उंच, पण अंगावर मांस नाही. जबड्याखाली दोन्ही बाजूंना गाठी लांबून दिसत होत्या. पाठीला भिंत टेकवून ती बारीक बारीक श्वास घेत होती.

तिची आई ठकूबाई पाणी घेऊन आल्या. मला ओळखलं. ओळखल्यावर नजर खाली घातली.

मी म्हटलं, "मी रागवायला आले नाही. पण टीबीचं का सांगितलं नाहीत तेवढं सांगा."

"तवा सोयरीक चालली हुती, बाई," त्या म्हणाल्या. "पोराकडली मानसं त्याच रांगंत हुती. तुमी मोठ्यानं इचारलं. म्या काय सांगनार?"

मला तो दिवस आठवला. शाळेचा एकच वर्ग मिळाला होता. घाईत होते. रांगेतल्या प्रत्येकाला मी टेबलामागून मोठ्यानंच विचारलं होतं.

"मग जमलं का?"

"मोडलं," सोनाली म्हणाली. "गाठी आल्या आन मोडलं." फार काही झालं नाही अशा सुरात.

घरात आणखी एक बाई होत्या. ठकूबाईंच्या सासू. त्या ठकूबाईंच्या सख्ख्या आत्याही होत्या. भावाची मुलगी त्यांनी सून करून आणली होती. इकडं मामाच्या मुलीशी लग्न ही साधी गोष्ट. आत्याबाई चुलीपाशी बसून म्हणाल्या, "सुनंच्या आईचंच रगत नासकं. तिचीबी एक पोर गेली. माज्या लेकाच्या घरात आसलं काई नव्हतं."

ठकूबाईंनी माझ्या हातातला रिकामा तांब्या घेतला. हे वाक्य त्यांनी पुष्कळदा ऐकलं असावं.

मी सोनालीला सांगितलं की मी डॉक्टर नाही. तिच्या रक्तात एक गोष्ट दिसली आहे, ती खरी की नाही हे पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये बघावं लागेल. तिथल्या डॉक्टरांशी दातार सर बोलले आहेत. "सोमवारच्या आधी यायला जमेल?"

तिनं आईकडं बघितलं नाही. आत्याबाईंकडंही नाही. "आजच यिती," म्हणाली. "हितं बसून तरी काय हुनार?"

ती खाली उतरताना चार ठिकाणी बसली. छायाताईंनी तिची पिशवी आणि टीबीच्या दोन्ही जुन्या फायली घेतल्या.

हॉस्पिटलमध्ये कळलं की तिच्या उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया आहे. गाठीचा तुकडा काढून तपासला, टीबी निघाला नाही. मग त्यांनी साधी टेस्ट केली, कुठल्याही मोठ्या लॅबमध्ये होते ती. रक्तातला एम कितीतरी जास्त. जी जवळजवळ नाहीच. ती टेस्ट तिच्या वीस वर्षांत कुणी केली नव्हती. यात कुणाचा गुन्हा आहे असं मला म्हणता येत नाही. गाठी, ताप, खोकला, वजन कमी, हे समोर आलं की आपल्याकडं पहिल्यांदा टीबीच आठवतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. प्रत्येक वेळी सोबतीनं दिलेल्या साध्या अँटिबायोटिकनं तिला महिनाभर बरं वाटायचं. त्यामुळं गुण टीबीच्या औषधाचा आला असं सगळ्यांना वाटायचं.

जीनची टेस्ट नंतर आली. एआयडीच्या जीनच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या. दोन्हीत एकाच जागचं एक अक्षर बदललेलं. आईबापांचीही तपासणी झाली. दोघांकडे एकेक बिघडलेली आणि एकेक चांगली प्रत. चांगली एक असली तरी काम चालतं, म्हणून त्या दोघांना कधी काही झालं नाही.

हे घरच्यांना समजावून सांगायचं काम डॉक्टरांनी मला दिलं. तुमची भाषा त्यांना जवळची आहे, म्हणाले. वॉर्डाबाहेर बाकावर ठकूबाई, त्यांचे मालक बबनराव आणि आत्याबाई बसले होते. मी रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या पानावर घराणं काढून दाखवलं. सोनाली. तिच्या वर आई आणि बाप. बापाच्या वर आत्याबाई. आईच्या वर आत्याबाईंचा भाऊ. मग भाऊ-बहिणीच्या वर एकच जोडपं.

"एक बिघाड आईकडून आलाय, एक बापाकडून. दोन्ही एकसारखेच आहेत. म्हणजे मूळ एकच असणार."

बबनराव कागदाकडं बघत राहिले. आत्याबाईंनी बोट ठेवून रेघा मोजल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण घराणं कळत होतं.

"म्हंजी आमच्याच घरातनं आलंया," त्या म्हणाल्या. "माज्या म्हायेरातनं."

"कुणाचा दोष नाही यात, आत्याबाई. कुणाला ठाऊक नसतं."

"माज्या आयशीचं एक पोरगं गेलं हुतं. माज्याहून ल्हान. खोकून खोकून गेलं." थोडं थांबून म्हणाल्या, "तेबी ह्येच आसंल का?"

मी खरं ते सांगितलं. ते आता कळणार नाही. नसेलही.

मी कागदाची घडी घातली. मग आत्याबाई ठकूबाईंकडं न बघता म्हणाल्या, "तू काई खाल्लं न्हाईस सकाळधरनं." आणि बबनरावांना खाली चहा-पाव आणायला पाठवलं. माफी अशी कुणी मागितली नाही. पण नासक्या रक्ताचं वाक्य त्यानंतर त्या घरात निघालं नाही, असं छायाताई सांगतात.

उपाय सरळ होता. शरीर जी बनवत नसेल तर तयार जी बाहेरून द्यायचा. रक्तदात्यांच्या रक्तातून तो वेगळा काढतात आणि सलाइनसारखा शिरेतून सोडतात. महिन्यातून एकदा, जन्मभर. सोनालीला हे सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "कुनाकुनाचं आसतंय त्ये?"

"हजारो लोकांचं. सगळं एकत्र करून गाळलेलं."

"जातीबाहेरचंबी आसंल मग," आत्याबाई म्हणाल्या.

"असेलच."

सोनाली हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा बघितलं. "आसू दे की, आज्जे. तेंच्यात तरी हाय. आपल्यात कुठं हाय?"

पहिल्या दोन बाटल्यांना तिला थंडी वाजून आली, डोकं दुखलं. तिसरीपासून नाही. सहा महिन्यांत गाठी कमी झाल्या, पूर्ण गेल्या मात्र नाहीत. या आजारात त्या राहतातच थोड्या. वजन वाढलं. त्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला नाही. औषधाची सोय हॉस्पिटलच्या सोशल वर्करबाईंनी सरकारी योजनेतून लावून दिली, आणि त्यासाठी त्या किती टेबलांपुढं उभ्या राहिल्या ते मी बघितलं आहे.

लॅबमध्ये ४७ नंबरचं काय करायचं हा प्रश्न राहिला होता. मी विचारायच्या आत सरांनीच ते यादीतून काढलं. "यादी निरोगी माणसांची आहे," म्हणाले. त्या सॅम्पलमध्ये व्ही तुकड्यांची दोन रूपं अशी होती जी दुसऱ्या कुणात सापडली नव्हती. फराहनं ती शोधायला रात्रीचा दिवस केला होता. ती हळहळली, पण वाद घातला नाही. पुढच्या कॅम्पपासून आम्ही फॉर्म वेगळ्या खोलीत भरायला लागलो. एका वेळी एक माणूस, दार लावून. वेळ दुप्पट लागायचा. जुन्या आजारांच्या रकान्यात 'हो' यायला लागलं.

सोनालीचं नंतर लग्न झालं, कामथडीला. तिनं घरी दोनच अटी घातल्या होत्या. नात्यातला मुलगा नको, आणि आजाराचं पहिल्याच बैठकीत सांगायचं. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी तिचा नवरा तिला हायवेवर एसटीत बसवून देतो. संध्याकाळी ती परत येते. आजार गेलेला नाही, जाणारही नाही. मी रिटायर व्हायच्या वर्षी तिनं आपण होऊन परत एकदा रक्त दिलं. जीची पट्टी तेव्हाही आली नाही, आणि यायला नकोच होती. आमच्या टेस्टला फक्त तिच्या स्वतःच्या पेशींचं काम दिसतं, बाटलीतून आलेलं नाही.

नव्या मुलांना मी लॅबमध्ये एवढंच सांगायचे. सॅम्पल फेल झालं की आधी आपला हात तपासा, मग केमिकल, मग मशीन. तिन्ही बरोबर निघाली तर 'फेल्ड' लिहू नका. त्या नंबरमागं कोण आहे ते विचारायची परवानगी मागा. परवानगीला तीन आठवडे लागतात. म्हणून अर्ज त्याच दिवशी करा.